दोष दुर्बिणीचा नव्हता

मी, होसेआ गोआगोसेब, राहणार खोरिक्सासच्या पश्चिमेची कोरड्या नदीकाठची वस्ती, नामिबिया. धंदा शिकारी पाहुण्यांना जनावर शोधून दाखवण्याचा, आता बंद. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही, दारू घेतलेली नाही. डोळे मात्र गेले आहेत. म्हणून मी सांगतो आहे आणि शाळेच्या मागदालेनाबाई लिहून घेत आहेत. यापूर्वीचे मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. तसे काही नाही, पण बाई म्हणतात हे वाक्य लागते.

१. घर, शेळ्या आणि गाढवगाडी माझी पत्नी आल्बेर्तिना हिची. याबद्दल कोणी तोंड उघडू नये. बंदूक पोलिसांत जमा करावी.

२. माझी मोठी दुर्बीण, चामड्याच्या पेटीसह, आल्बेर्तिनाचा भाऊ एफ्राइम याला द्यावी. तो नको म्हणेल. तरी द्यावी.

का, ते लिहून ठेवतो. वस्तीत कोणालाही दुर्बीण घ्यायची झाली की तो आधी माझ्याकडे येई. एफ्राइम मात्र न विचारता एक स्वस्तातली घेऊन आला. चर्चबाहेर चारचौघांत मी ती डोळ्यांना लावली आणि म्हणालो, "यातून बघण्यापेक्षा डोळे मिटून बसलास तर जास्त दिसेल." लोक हसले. तोही हसला, म्हणाला, "दाजी, शेळ्या मोजायला पुरते मला."

पुढे माझ्याच दुर्बिणीत धुके दिसू लागले. मी ती विकून दुसरी घेतली. तीतही धुके. ओट्जिवारोंगोचे दुकानदार राउटेनबाख यांच्याकडे ती परत नेली आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "बाटलीचे बूड विकता काय?" त्यांनी काच पुसून पाहिली, रस्त्यापलीकडे नजर टाकली, माझ्याकडे पाहिले आणि ती बदलून दिली. त्यांना तेव्हाच कळले असावे.

बदलून मिळालेल्या या महागड्या दुर्बिणीतून पाहून एका संध्याकाळी मी परदेशी पाहुण्याला सांगितले, "झुडपामागे कुडू हरणाचा नर. शिंगे दिसतात. मारा." त्याने बंदूक खांद्याला लावली. माग काढायला एफ्राइम बरोबर होता. त्याने आपली ती स्वस्तातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि दुसऱ्या हाताने बंदुकीची नळी खाली दाबली. आमच्या भाषेत, आवाज न चढवता म्हणाला, "दाजी, ती लीना म्हातारी आहे. डोक्यावर सरपण आहे."

पाहुण्याला त्याने सांगितले की वारा फिरला, जनावर गेले. माझी अब्रू झाकली. घरी येईपर्यंत तो शेळ्यांच्या किमतीबद्दल बोलत राहिला.

वस्तीच्या सभेत मीच उभा राहून सगळे सांगितले आणि शिकारीच्या वाटाड्याचा बिल्ला परत दिला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या की काचबिंदू आहे, डोळ्यांच्या नसा वाळल्या, गेलेली नजर परत यायची नाही. लीनामावशी मुद्दाम घरी आल्या. म्हणाल्या, "होसेआ, मला नर म्हणालास म्हणे. आणि या वयात शिंगं? माझ्या नवऱ्याला ऐकवायला हवं होतं, तो बिचारा आधीच गेला." आल्बेर्तिना हसता हसता चहा सांडून बसली. मला मान वर करता आली नाही. आजही त्यांची काठी वाजली की मी घरात जातो.

३. माझी मुलगी रोझिना हिने ओट्जिवारोंगोला जाऊन राउटेनबाख यांची माफी मागावी. दुकानात गिऱ्हाईक असताना मागावी.

४. पोस्टातली बचत रोझिनाची. ती जंगलराखणीचे काम करते, तिने त्यातून स्वतःसाठी दुर्बीण घ्यावी. आठपट पुरे. बारापटीला भुलू नये, हात थरथरला की सगळा डोंगर थरथरतो. पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची असावी. त्याहून मोठी गळ्यात लोढणे होते, लहान असली तर अंधारून आल्यावर काही दिसत नाही. दुकानाच्या दिव्याखाली कधीही निवडू नये. ऊन कलल्यावर दाराबाहेर यावे आणि झाडाखालच्या सावलीत पाहावे. तिथे फांदी आणि शिंग वेगळे दिसले तर ती घ्यावी. मधला सांधा घट्ट असावा, आत दमट हवा शिरू नये. अगदी स्वस्त घेऊ नये हे मी अजूनही म्हणतो. पण मधल्या किमतीच्या पुढे जो पैसा जातो तो बहुतेक नावाचा असतो, आणि नाव मिरवायची हौस मला होती, तिला नसावी. या सगळ्याच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. आपल्या घरात हे चालत येते असे डॉक्टर म्हणाल्या.

५. माझ्या दफनाच्या वेळी लोक बोलायला उभे राहतील. कोणीही "याची नजर घारीची होती" असे म्हणू नये. काही म्हणायचेच असेल तर एफ्राइमचा हात वेळेवर पुढे आला, एवढे म्हणावे.

हे सर्व बाईंनी मला दोनदा वाचून दाखवले. सही कुठे करायची ते त्यांनी माझे बोट धरून कागदावर दाखवले.

सही: होसेआ गोआगोसेब

साक्षीदार: मागदालेना होएसेस, शिक्षिका
साक्षीदार: पेत्रुस त्सुसेब, चर्चचे वडीलधारे. माझी अब्रू राहावी म्हणून यांनी एफ्राइमचे कलम वगळायला सांगितले होते. मी वगळले नाही.

स्थळ: खोरिक्सास. दिनांक: ९ ऑगस्ट २०१९