बाईंना सोडून

प्रिय धाकट्या,

तू मंत्री झाल्यापासून तुला पत्र लिहिलंच नव्हतं. तुझ्या घरी फोन केला की आधी कोणीतरी 'कोण बोलतंय' म्हणून विचारतं, आणि परक्या माणसाला 'मी त्याची बहीण' असं सांगताना मला कसंसंच होतं. म्हणून हे हाताने लिहितेय. पाकिटावर मोठ्या अक्षरांत खासगी असं लिहिलंय, तरी तुझा सचिव ते फोडेलच. फोडू दे.

आई बरी आहे. कानाने तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही, तरी सकाळी रेडिओ लावून त्यावर हात ठेवून बसते. कोणी बोलायला लागलं की तिला हाताला कळतं म्हणे. तुझी आठवण रोज काढते. तू जेवलास का, हे मला विचारते, जसं काही मी तुझी स्वयंपाकीण आहे. मी 'हो' म्हणते.

मागे तू जेवायला आला होतास तो रविवार आठवतो ना? बाहेर गाड्यांची रांग, आणि आत तू बाह्या सरसावून वरण-भात कालवत होतास, अगदी पूर्वीसारखा. हात धुताना तू विषय काढलास. गिरणीच्या दारात पोलिसांनी गोळ्या चालवल्या, सरकारने मेलेल्यांचा आकडा सांगितला, आणि रेडिओवर मास्तरांच्या 'सकाळचा फोन' या कार्यक्रमात एकेक बाई फोन करून आपल्या नवऱ्याचं, भावाचं नाव सांगायला लागली. दोन्हींचा मेळ बसेना. तू म्हणालास, लोक भडकताहेत, प्रसारण मंडळाने कार्यक्रमाला स्थगिती द्यावी, निवडणुकीपुरतीच. मी मंडळाची अध्यक्ष आणि तू खात्याचा मंत्री, पण मोरीपाशी आपण दोघं टॉवेलसाठी भांडलो ते भाऊबहीणच होतो. मी सांगितलं की तक्रार आली आहे तर सुनावणी घेईन, दोन्ही बाजू ऐकेन, जे पुराव्यात असेल ते करीन. तू टॉवेल खुंटीला लावलास आणि हळूच म्हणालास, "ताई, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

तेव्हा मला ते काकुळतीचं बोलणं वाटलं होतं.

पुढचं तुला माहीतच आहे, पण माझ्याकडून ऐक. मंडळाचं अनुदान अडकलं. लिफ्ट बंद पडली ती कोणी दुरुस्त करेना. तिसऱ्या सदस्याने तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला. तब्येत ठणठणीत होती रे, आदल्याच दिवशी माझ्या डब्यातल्या चार पोळ्या त्याने संपवल्या होत्या. राहिलो मी आणि दुसरे सदस्य, आपले इंजिनिअर. रिटायर झालेला, काटकुळा, विनोदी माणूस. मला म्हणाले, आता आपण दोघंच, म्हणजे एकमत होणं सोपं आणि बहुमत होणं अशक्य.

सुनावणी सकाळी होती. तीच आमची लांबट खोली, एक पंखा कुरकुरणारा. मास्तर आले, सोबत त्यांची बायको. तीच फोन घेते आणि कोणाला आधी जोडायचं ते ठरवते. सरकारी वकिलांनी अर्धं बोलणं केलं, त्यांचा फोन वाजला, 'आलोच' म्हणून ते बाहेर गेले. ते आले नाहीत. आली ती तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, हातात नळाचे पाइप.

ते ओरडत नव्हते, हे मला कोणाला पटवून देता येत नाही. मोर्चातली माणसं घोषणा देतात, शिव्या देतात. हे कामाला आल्यासारखे आले. दारातल्या शिपायाच्या गुडघ्यावर पहिला पाइप बसला, आणि फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. आमची टायपिस्ट टेबलाखाली शिरली, तर तिचा हात बाहेर राहिला होता त्यावर बूट पडला, आणि मग तोच बूट पुन्हा, मुद्दाम. मास्तरांना त्यांनी केसांना धरून उठवलं. पाठीवर, पोटात काही नाही. फक्त तोंडावर. एकाने मागून धरलं होतं आणि दुसरा जबड्यावर मारत होता, नेम धरून, थांबून, पुन्हा. दात माझ्या समोरच्या कागदांवर पडले. बायको मध्ये पडली तर तिला भिंतीवर भिरकावलं. इंजिनिअर उठले. त्या काटकुळ्या माणसाने खुर्ची उचलली रे, दोन्ही हातांनी, आणि मास्तरांना मारणाऱ्याच्या पाठीत घातली. मग चौघे त्यांच्यावर वळले. ते खाली पडल्यावरही डोक्यावर मारत होते. पंखा चालूच होता. रक्ताचे शिंतोडे तावदानावर गेले, ते अजून पुसून निघालेले नाहीत.

तुला ती शाळेची गोष्ट आठवते? एका मुलाने माझी वेणी ओढली म्हणून तू दगड मारून त्याचं डोकं फोडलंस आणि शाबासकी मिळेल म्हणून हसत माझ्याकडे आलास. मी तुझा हात धरला आणि तुला सरळ बाबांपुढे नेऊन उभं केलं. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. मग एक दिवस आपणहून म्हणालास, तुझ्यासाठीच केलं होतं ना गं.

इस्पितळात इंजिनिअरांच्या घशात नळी होती. मी निकाल वाचून दाखवला: कार्यक्रम चालू ठेवण्यास हरकत नाही, स्थगितीची मागणी फेटाळली. त्यांनी सही केली, वाकडीतिकडी, आणि एक भुवई वर केली. एकमत झालं, असं म्हणत असावेत. पुढच्या आठवड्यात ते गेले. मास्तरांचा जबडा तारांनी बांधलाय, त्यांना चमच्याने पातळ भरवावं लागतं. कार्यक्रम त्यांची बायको चालवते. पहिल्या दिवशी ती नुसतंच 'बोला' म्हणाली, आणि लोक बोलले. टायपिस्टची तीन बोटं वाकत नाहीत. शिपाई कुबडी घेऊन कामावर आला, मी घरी जा म्हटलं तर माझ्यावरच चिडला.

आता माझं सांगते. वर्तमानपत्रांत आलं की अध्यक्षबाई थोडक्यात वाचल्या. शेजारणी म्हणाल्या, देव पावला. मी सगळ्यांना मान डोलावली. पण धाकट्या, मी थोडक्यात वाचले नाही. मी उठून मास्तरांच्या पुढे उभी राहिले होते. एकाने मला खुर्चीत बसवलं, अंगाला बोट न लावता, खुर्चीच पुढे सरकवून. मग ती खुर्ची माझ्यासकट ओढत खिडकीपाशी नेली, कपाट हलवताना जपून नेतात तशी. मी पुन्हा उठले तर तो माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला, लहान मुलाला रस्त्यावर जाऊ देत नाहीत तसा. त्याच्या पाइपाचा धक्का लागून माझं पाणी सांडलं, तर म्हणाला, "माफ करा, बाई." आणि एकजण रागाने माझ्याकडे वळला तेव्हा हाच ओरडला, त्या सगळ्या वेळात त्यांच्यातलं कोणी ओरडलं ते एवढंच: "बाईंना सोडून! साहेबांनी सांगितलंय."

साहेब पुष्कळ असतात. मी स्वतःला तेच समजावत होते. मग संध्याकाळी तू इस्पितळात आलास, कॅमेरे बाहेर थांबवून. इंजिनिअर कसे आहेत, मास्तर कसे आहेत, काही विचारलं नाहीस. माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिलेस, आणि लागलं का असंही विचारलं नाहीस. म्हणालास, "कुणी हात नाही ना लावला?" मी नाही म्हटल्यावर तुझा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. काळजी मिटलेला माणूस आणि हुकूम पाळला गेल्याची खात्री पटलेला माणूस, यांतला फरक तुझ्या तोंडावर मला कळतो.

तुझा माझ्यावर जीव आहे, यात मला कधी शंका नव्हती. म्हणूनच मी जिवंत आहे आणि इंजिनिअर नाहीत.

उद्या अकरा वाजता चौकशीच्या न्यायाधीशांपुढे माझी साक्ष आहे. ते विचारणारच की खोलीतल्या प्रत्येकाला मारलं, मग बाई, तुम्हाला का नाही? मी वकिलाला विचारलं नाही, कोणाचा सल्ला घेतला नाही. जे झालं ते सांगणार आहे, तो ओरडला ते, आणि संध्याकाळी तू काय विचारलंस ते. हे तुला रेडिओवरून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र, आजच माणसाहाती पाठवतेय. आईला मी काही सांगितलेलं नाही. साडेदहापासून मी कोर्टाच्या पायऱ्यांवर असेन. तू आलास तर आधी तू आत जा, तुझ्या तोंडाने सांग, मी तुझ्यामागे उभी राहीन. नाही आलास तर मी एकटी जाईन. पण जाईन.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई