मरतुकडी रोपे खड्ड्यातून परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. परिसर अधिकारी,
वनस्पती संशोधन केंद्र.

विषय : उपटलेल्या टोमॅटोच्या रोपांवर माती न लोटण्याबाबत (अतितातडीचे).
संदर्भ : पाहुण्यांच्या पाहणीपूर्वी परिसर देखणा करण्याबाबतचा आपला आदेश.

महोदय,

सदर आदेशानुसार आज सकाळी माळीकाकांनी माझ्या हरितगृहातील खुरटलेली, पिवळी रोपे उपटून मागच्या खड्ड्यात टाकली व त्या जागी विक्रीच्या रोपवाटिकेतली टवटवीत रोपे लावली. जुन्या रोपांच्या चिठ्ठ्या मात्र जपून सोडवून नव्यांना बांधल्या. "ताई, बघा, एक जागा रिकामी ठेवली नाही," असे ते मला कौतुकाने म्हणाले. त्यांच्यावर कारवाई होऊ नये. त्यांनी मनापासून काम केले, तेच तर भोवले.

नम्रपणे निदर्शनास आणते की, उष्णतेतही फळ धरण्याचा गुण एका जनुकावर अवलंबून नसतो. त्यात अनेकांचा थोडाथोडा हातभार असतो. ते शोधण्यासाठी आम्ही हरितगृह मुद्दाम तापवतो, पानांतील डीएनएवरचे मार्कर, म्हणजे खुणा, वाचतो आणि तगलेल्या रोपांच्या खुणा मान टाकलेल्यांच्या खुणांशी ताडून पाहतो. मरतुकडी रोपेच नसतील तर ताडायचे कशाशी? सगळा वर्गच पहिला आला, असा निकाल लावून कोणाला काय कळणार?

रानटी व बाजारी टोमॅटोच्या संकरातून पिढ्यानुपिढ्या वाढवलेल्या या रोपांचे बी शिल्लक नाही. आई लग्नाचा विषय काढते तेव्हा "ही पिढी निघू दे," असे मी सांगत आले आहे. आता तिला काय तोंड दाखवावे, याबाबत आदेशात खुलासा नाही.

चिठ्ठ्या गेल्या तरी पाने आहेत. प्रत्येक रोपाच्या खुणा आधीच वाचलेल्या असल्याने, पान पुन्हा तपासून कोणते रोप कोणते हे ओळखता येईल. फक्त ती जिवंत हवीत. करिता खड्डा बुजवणे तात्काळ थांबवावे, ही कळकळीची विनंती.

सध्या मी त्याच खड्ड्यात उभी राहून रोपांवर पाणी शिंपडत हा अर्ज लिहीत आहे. माळीकाका तो घेऊन धावत येतील. "साहेबांचा कागद आणा, लगेच थांबतो," असे ट्रॅक्टरवाले म्हणतात. इंजिन त्यांनी बंद केलेले नाही. विनंती नाकारायची असल्यास तसे त्यांना कळवावे. मला कळवून उपयोग नाही, मी वर येणार नाही.

आपली नम्र, परंतु आजपुरती आज्ञा न पाळणारी,
(सही)
संशोधन साहाय्यक
आज, भर दुपारी

सोबत : उपटलेले एक रोप, मुळासकट, ओल्या फडक्यात. जिवंत आहे. कृपया फाइलला टाचू नये.