तू वर केलेला हात

प्रिय शालन,

पलटणीतून मी पत्रं धाडायचो ती वडिलांच्या नावानं. तुझ्यासाठी शेवटी एक ओळ, 'शालनला तब्येतीस जपायला सांगणे.' तुझ्या नावाचं निराळं पत्र लिहायची लाज वाटायची. पहिलं लिहितोय ते आज, तू गेल्यावर चौदा महिन्यांनी. लिहिल्याशिवाय घास उतरायचा नाही गं.

आज साताऱ्याला गेलो होतो. माझ्याही हिरड्या सुटल्यात, दोन दात हलतात. तुझं झालं तेच ऑपरेशन: हिरडी उघडायची, आतली घाण खरवडायची, टाके घालायचे. डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण बोलायला मायाळू. खुर्चीत बसवून म्हणाली, "आजोबा, भूल देणार आहे. तरी दुखलं तर सोसत बसायचं नाही. तोंडात हत्यार असताना बोलता येत नाही, म्हणून डावा हात वर करायचा. हात दिसला की मी थांबेन, आणखी भूल देईन."

शालन, मी तिला मधेच थांबवलं.

विचारलं, "बाई, हे सगळ्यांनाच सांगतात का?"

"बहुतेक सगळ्यांना. का हो?"

का हो! काय सांगू तिला?

सांगलीला लेकीकडं राहिलो होतो तेव्हाची गोष्ट. तुझ्या उजव्या बाजूचं काम होतं. मी औषधाच्या दुकानातनं परत आलो तर सुरूच झालेलं. डॉक्टरांनी शेजारी स्टूल दिलं. तेवढ्यात तू डावा हात मांडीवरनं उचललास. मला वाटलं, घाबरलीस, मला शोधतीयस! मी तो दोन्ही हातांत धरला आणि खाली घेऊन घट्ट दाबून ठेवला. डॉक्टर तुझ्या तोंडावर वाकलेले, त्यांना काय दिसणार? तू एक हिसका दिलास. मी आणखी घट्ट धरला. मग तूच माझी बोटं आवळलीस, नखं रुतेपर्यंत. "आजी धीराच्या आहेत," डॉक्टर शेवटी म्हणाले, आणि छाती फुगली ती माझी!

चाळीस वर्षांच्या संसारात माणसांत तुझा हात कधी धरला नव्हता. जत्रेतसुद्धा मी चार पावलं पुढं, तू मागं. म्हणून तर ती गोष्ट घरोघर सांगत हिंडलो. "सुई बघितली आणि म्हातारीनं माझा हात हुडकला, गड्या!" तू पदर तोंडाला लावून बसायचीस. मी समजायचो, लाजतीयस.

दुसऱ्या बाजूसाठी पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. "आवं, न्हाई जायचं मला. असू द्या." मी काय म्हणालो, आठवतं? "दिवसातनं चारदा तंबाखूची मिश्री घासताना भ्या वाटत न्हाई, आणि डॉक्टरचं भ्या?" सगळे हसले. वर्षाभरात तुझे डावीकडचे दात गेले. तू दुधात भाकरी कुस्करायचीस आणि मी शेजारी बसून कुडुमकुडुम शेंगदाणे खायचो.

आज मी खुर्चीतनं उठलोच. बाहेरच्या बाकावर बसून वंदनाला फोन लावला. त्या दिवशी मी यायच्या आधी तुझ्याजवळ आपली लेकच होती ना.

"वंदे, डॉक्टरनी आईला हात वर करायला सांगितलं व्हतं का गं?"

पलीकडं कुकरची शिटी झाली, तिनं गॅस बंद केला.

"आबा, कशाला आता?"

"सांग."

"व्हय, सांगितलं व्हतं. आई मागनं मला म्हणाली, 'भूल नीट चढली न्हवती, लय दुखलं. पर तुझ्या आबास्नी बोलू नगंस. जन्मात पहिल्यांदा माणसांत माझा हात धरलाय त्यांनी.'"

शालन! एवढी उपाशी होतीस का गं माझ्या हाताला? जिवंत हिरडी चिरत असताना तो सोडवून घेतला नाहीस?

एक शब्द तरी बोलायचास! भांडायचंस, अबोला धरायचास. मी फुशारकी मारत होतो तेव्हा नुसतं "पुरं करा" म्हणायचंस.

पण बोलणार तरी कशी? दुखतंय का, हे मी विचारलं होतं कधी? शेवटच्या आजारात नर्स तुला विचारायची आणि तुझ्या आधी मीच सांगायचो, "बरं हाय तिला." काय होत होतं गं तुला तेव्हा? आता कुणाला विचारू?

येताना एसटीत हे दोन हात कुठं ठेवावेत तेच कळेना.

गुरुवारी परत जाणार आहे. मनात आलं होतं, बाईला सांगावं, भूलच देऊ नका, तसंच कापा. तुझी तेवढी तरी फेड. मग कळलं, ते पुन्हा माझंच मोठेपण झालं असतं, आणि तेही चार घरी सांगितलं असतं मी. नाही. भूल घेईन, आणि दुखलं तर थांबा म्हणेन.

तुला शब्द देतो तो निराळाच. ज्या ज्या घरी ती गोष्ट सांगून चहा प्यालो, त्या त्या घरी पुन्हा जाईन. आधी तुझ्या भावाकडं, तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. उंबऱ्यातच सांगेन, "पावणं, तुमची बहीण भ्याली न्हवती. ती थांबा म्हणत व्हती, आणि मी तिला दाबून धरलं व्हतं."

तुझा,
आनंदराव