पुलापाशी काढलेलं हेल्मेट

सर, मागच्या आठवड्यात नवीन हेल्मेट घेतलं. तुम्हाला मुद्दाम कळवावं असं त्यात काही नाही, आणि तुम्हाला जाऊन आता अडतीस वर्षं होतील, तेव्हा कळवणार तरी कुठं. पण सांगलीत स्टँडजवळच्या दुकानात त्या माणसानं ते माझ्या डोक्यावर दाबून बसवलं, काच खाली ओढली, आणि बाहेरचा सगळा कालवा एकदम लांब गेला. माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. त्या एवढ्याशा अंधाऱ्या जागेत मला तुमची पाठ आठवली. तुमच्या गाडीवर मागं बसून मी जी पाठ वर्षानुवर्षं बघितली, ती.

घेण्याचं कारण मुलगी. ती साताऱ्याला असते. दिवाळीत आली तेव्हा कपाटावरची जळमटं काढताना तिच्या हाताला एक जुनं हिरवं हेल्मेट लागलं. ते तिनं माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "अण्णा, हे घालून फिरता तुम्ही? आतला स्पंज बघा, बोट लावलं की भुगा पडतोय." मी ते जन्मात एकदाही घातलेलं नाही, हे मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर ते कुणाचं, हेही सांगावं लागलं असतं. मी ते तिच्या हातून घेऊन परत वर ठेवलं, आणि तिनं त्याचा अर्थ तिला हवा तसा घेतला. जाताना गाडीची किल्ली पर्समध्ये टाकून सरळ साताऱ्याला घेऊन गेली. "नवीन घेतल्याचा फोटो पाठवा, मग किल्ली कुरियरनं येईल." सत्तरी उलटलेल्या बापाला अशी शिक्षा! तुम्ही वर्गाबाहेर उभं करायचात, ते बरं होतं.

म्हणून दुकानात गेलो. दुकानदाराला वाटलं होतं, म्हातारा आहे, टोपीसारखं हलकं काहीतरी मागेल आणि जाईल. मी म्हटलं, पूर्ण तोंड झाकणारं दाखवा. त्यानं शिंप्यासारखी टेप काढली, भुवयांच्या वर बोटभर अंतर सोडून डोक्याभोवती फिरवली. पहिलं घातलं ते मला छान वाटलं, कुठंच लागत नव्हतं. तो हसला. "काका, छान वाटतंय म्हंजे मोठं हाय. गाल दबलं पायजेत. आता मान हलवा. बघा, डोस्कं हाललं न् हेल्मेट जाग्यावरच." दुसरं घातलं तर चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुतल्या. त्यावर त्याचा मंत्र ठरलेला: आधी चष्मा काढायचा, मग हेल्मेट घालायचं, मग फटीतून चष्मा आत सरकवायचा. हनुवटीखालचा पट्टा मी सैल ठेवला तर म्हणाला, "मुंडावळ्या न्हाईत ह्या काका, वढा की जरा." रंग पांढरा घेतला. लांबून दिसतो म्हणे. निघताना त्यानं बजावलं, की आठ-पंधरा दिवस घरातच घालून बसा, टीव्ही बघा, म्हणजे आतली गादी तुमच्या गालांचा आकार घेईल.

तसा बसलो. दुपारी आरामखुर्चीत, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर तुमची कवितांची वही. तुम्ही हिरव्या शाईनं उतरवून काढलेली, मला नोकरी लागली तेव्हा दिलेली. पानं आता मोहरीच्या फुलासारखी पिवळी पडलीत, पण तुमचे काने अजून ताठ आहेत. मी आतल्या आत एक कविता म्हणायला लागलो, सातवीत तुम्ही शिकवलेली, ती नदीची. आणि सर, हेल्मेटात आपला आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो! मला वाटलं, तुम्हीच म्हणताय. भांड्याच्या बाई आत आल्या, दारातच थांबल्या. "आवं सर, निघालासा व्हय कुठं, का आलासा आत्ताच?" मी नुसता हात हलवला. एक तर ऐकू नीट आलं नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी होतं, ते काचेआड होतं हे बरं.

तुमचं ते हिरवं हेल्मेट तुमच्या जावयानं मिलिटरीच्या कँटीनमधून आणून दिलं होतं. तेव्हा आष्ट्यापासून आपल्या गावापर्यंत कुणाच्याच डोक्यावर तसलं काही नव्हतं. शाळेतली पोरं त्याला मडकं म्हणायची, आणि तुम्ही हजेरी घेताना ते टेबलावर पालथं ठेवून म्हणायचात, "हे बघा, मडकं आत आलं, आता मेंदू बाहेर काढा." सकाळी मी तुमच्या दारात येऊन थांबायचो. तुमच्याच हाताखाली शिकून तुमच्याच शाळेत मास्तर झालेला मी, आणि अजून तुमच्या मागं बसायला मिळतंय याचा कोण अभिमान. रस्त्यानं तुम्ही हेल्मेटात कविता म्हणायचात. शब्द वाऱ्यात जायचे, पण माझं कपाळ तुमच्या पाठीला टेकलं की चाल कळायची, हाडांतून यायची. कुठलं कडवं चाललंय हे मी पाठीवरून ओळखायचो.

आणि एक दिवस मी तुम्हाला ते म्हणालो. शाळा सुटल्यावर, सायकलस्टँडपाशी. "सर, राग मानू नका, पण गाव म्हणतंय, मास्तर हल्ली ओळख दाखवत न्हाईत. मडकं घालून तोंड लपवून जात्यात."

तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. हातातलं हेल्मेट दोनदा फिरवलंत आणि विचारलंत, "गाव म्हणतंय?" मी म्हटलं, "व्हय." मला नववीतला तुमचा एक प्रसंग त्या वेळी आठवायला हवा होता. मी निबंधात समुद्रावर पान भरून लिहिलं होतं आणि तुम्ही वही परत देताना सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "तू बघितलायस का समुद्र? मग ऐकीव कशाला लिहितोस? बघितलं असशील तेवढंच सांग." पण नेमकं तेव्हा ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुमची रीत सुरू झाली. घरून निघताना बोडकं डोकं, कालव्याचा पूल ओलांडला की हेल्मेट. संध्याकाळी येताना पुलापाशी गाडी उभी करायची, हेल्मेट काढून हँडलला अडकवायचं, हातानं केस सारखे करायचे, आणि मग गावात शिरायचं, दोन्ही बाजूंना रामराम करत, देवळातून निघालेल्या पालखीसारखं सावकाश. ऊन असो, थंडी असो. मागं बसलेल्या मला ते बघताना बरं वाटायचं. खरं सांगतो, आपल्या शब्दाला किती किंमत आहे, असंही वाटायचं.

त्या दिवशी मी तुमच्यामागं नव्हतो. चाचणीचे पेपर राहिले होते म्हणून शाळेत थांबलो आणि एसटीनं आलो. पुलावर गर्दी दिसली म्हणून उतरलो. उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, रस्त्यावर तुडवून चिखल झालेला, त्यावर गाडी घसरलेली, पुलापासून गावाकडं शंभरेक पावलांवर. तुम्हाला जीपमध्ये घालून मिरजेला नेलं होतं. मिरज यायच्या आधीच तुम्ही गेलात, हे आम्हाला दिवस मावळल्यावर कळलं. गाडी रस्त्याकडेला आडवी होती आणि हेल्मेट हँडलला होतं तसंच, त्याला ओरखडाही नव्हता. मी ते सोडवून घेतलं. आतून तेलाचा वास आला. ताजं तेल, गादीला बोट लावलं तर बोट ओलं झालं.

घरी काकींना पुलापाशी काढायची तुमची रीत ठाऊकच नव्हती, त्यांच्या डोक्यात वेगळंच बसलं. सकाळी तुमचं डोकं दुखत होतं म्हणून त्यांनी तुम्हाला पाटावर बसवून तेल चोळून दिलं होतं. दहाव्याला सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "तेलाच्या डोस्क्यावर ती जड वस्तू कोण घालंल? माझ्यामुळं ते दिवसभर बोडकं फिरलं. मीच मारलं त्यास्नी." तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या केसांना तेलाचं बोट लावलेलं नाही. त्या हेल्मेट शोधत होत्या, कुणीतरी म्हणालं पोलिसांनी नेलं असंल. ते माझ्या घरात होतं, सर, ट्रंकेत, धोतरात गुंडाळून. तेव्हाच नेऊन दिलं असतं तर त्यांना वास घेऊन कळलं असतं, की तुम्ही ते घातलं होतं. मग त्यांनी विचारलं असतं, मग वाटेत काढलं कशासाठी? आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं.

परवा किल्ली आली. मी ठरवलं, आता काकी नव्वदीला टेकल्यात, आणखी किती दिवस. जुनं हेल्मेट पिशवीत घातलं, नवीन डोक्यावर चढवलं आणि सांगलीहून निघालो. पहिले दोन-तीन मैल जीव घाबरा झाला. बाजूनं येणारी वाहनं दिसण्याआधी ऐकू यायची सवय, तीच गेली; मान वळवून बघावं लागे आणि मान लगेच भरून आली. काचेवर वाफ धरली तर बोटभर फट ठेवली. आष्टा गेलं तसं मात्र जमायला लागलं, आणि मी हळूच कविता सुरू केली. कालव्याचा पूल आला. हात आपोआप ब्रेककडं गेला, पण मी थांबलो नाही. काढायचं नाही, असं ठरवूनच आलो होतो. पुलाच्या कठड्यावर आपल्या वर्गातला एकजण बसला होता, आता दात पडलेला. त्यानं मला पाठमोरं बघूनच हाक मारली, "आवं मास्तर! नवं घेतलं व्हय? चंद्रावर निघालासा जणू!" पुढं चावडीपाशी दोघा-तिघांनी हात केला. कुणाला माझं तोंड दिसत नव्हतं. गाडीचा आवाज, बसायची ढब, पिशवी अडकवायची तऱ्हा, गावाला एवढं पुरतं. मग तुमची गाडी गावानं ओळखली नसेल?

काकी सोप्यात बसल्या होत्या. मी दारात गाडी लावून तसाच उभा राहिलो, पट्टा सुटता सुटेना. त्यांनी वर बघितलं आणि एकदम भिंतीला धरून उठल्या. पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला. तोंडावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. मी घाईनं काच वर केली. "तू हायस व्हय," त्या म्हणाल्या आणि परत खाली बसल्या.

मी हेल्मेट काढून त्यांच्यापुढं ठेवलं. मग त्यांनी नवीन हेल्मेट मांडीवर घेतलं, आत हात घालून गादी दाबून बघितली. "मऊ हाय. लय लागतंय का रं?" मी म्हटलं, "कानशिलं ठणकतात जरा. सवय न्हाई." "थांब," म्हणून त्यांनी कोनाड्यातली सुनेची तेलाची बाटली घेतली, बूच काढलं, तळहातावर ओतणार एवढ्यात हात थांबला. "नगं. तुला परत घालून जायाचं हाय."

पिशवी माझ्या पायाशी होती. मी म्हणालो, "काकी, सर त्या दिवशी हेल्मेट घालूनच आले होते. तेलाचं काही न्हवतं. पुलापर्यंत होतं डोक्यावर, तिथं काढलं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

पिशवीत हात घालायचा होता, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "लोक म्हणत होते."

"लोक म्हणत्यात!" काकींनी बाटलीला बूच लावलं. "मास्तर हायस न्हवं तू? लोकांचं काय ऐकतोस? लोकांनी बघितलंय का काय?" आणि बाटली होती तिथं ठेवून दिली. मग चहा झाला. निघताना त्या दारापर्यंत आल्या, माझा पट्टा त्यांनीच ओढून बसवला, आणि म्हणाल्या, "तू तरी काढू नगंस वाटंत."

जुनं हेल्मेट परत कपाटावर आहे. हे कागद घडी करून त्यातच ठेवीन. मुलगी पुढच्या दिवाळीत जळमटं काढेपर्यंत तिथं कुणाचा हात जात नाही. नवीन आता बरंच बसलंय, कानशिलं कमी ठणकतात, दुकानदार म्हणाला तसं. तेवढं एक राहिलं, सर. मास्तर ओळख दाखवत नाहीत, असं गावात कुणीच म्हणालं नव्हतं. मी तुम्हाला ते म्हणालो त्या आठवड्यात माझे सासरे पहिल्यांदा आले होते. मी त्यांना पुलावर घेऊन उभा होतो, तुमची गाडी लांबून दिसली तसा म्हणालो, हे आमचे सर. मी हात वर केला, आणि तुम्ही आत कुठली तरी कविता म्हणत तसेच पुढं निघून गेलात.