मफलरातले निळे पट्टे

ता. ४
चि. बिट्टीस आजीचे अ. आ.

सगळ्यांत आधी उगवली ती तुझी आत्या, मागोमाग आतोबा. दोघं अतिदक्षता विभागाच्या दारातच माझ्यावर डाफरले, आधी का कळवलं नाही म्हणून. काय कळवणार? आजोबांच्या पोटाच्या ऑपरेशनची जखम चिघळली, पंधरा दिवस रोज उघडून धुतायत. धुताना भुलीच्या डॉक्टरीणबाई तो हसवणारा वायू देतात. अगं, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना ज्या माणसाने दात दाखवले नाहीत, तो खुदूखुदू हसतो! परवा पडद्याआडून ओरडले, माझ्या बायकोचं नाक सुरेख आहे. सगळा वॉर्ड माझं नाक बघायला लागला. म्हणून मीच बाईंना सांगते, वायूच द्या हो.

पण अंगात रक्तच तयार होत नाही. बाटल्या चढवल्या तरी आकडे खाली. मोठे डॉक्टर म्हणतात, आजारच रक्त खातोय, फार आशा धरू नका. तू रक्ताचंच शिकतेस ना, काहीतरी सांग गं. पत्र आतोबांबरोबर धाडते, उत्तर त्यांच्याच हाती दे. लोभ आहेच, उत्तराची घाई कर.

तुझी आजी

ता. ६
ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानेच वाचलं. माझं अक्षर लागलं नाही तर आत्याकडून वाचून घे. हाडांच्या पोकळीत मगज असतो, तिथे रक्त तयार होतं. त्याला बी-बारा जीवनसत्त्व लागतं, आणि हा वायू नेमकं तेच निकामी करतो. धडधाकट माणसाला एखाद्या वेळी दिला तर बिघडत नाही, पण इतक्या आजाऱ्याला रोज दिला तर मगजाचं काम थांबू शकतं. तसंच झालंय, हे मी इथून सांगू शकत नाही. किती वेळा दिला ते मोजून डॉक्टरांना सांग. यात तुझा दोष नाही, हे दोनदा वाच. माया असू दे.

तुझी बिट्टी

ता. १७
चि. बिट्टीस अ. आ.

आत्याने ते दोनदा वाचलं, मी दोनदा रडले. मग उठले. बाईंना विचारलं, किती वेळा? तर वॉर्डातलं वॉर्डाच्या वहीत, ऑपरेशनच्या खोलीतलं तिथल्या वहीत, दोन्ही वह्या एकत्र कुणी बघितल्याच नव्हत्या. मी पिशवीतून मफलर काढला. बाहेर बसून विणते ना मी! करडी लोकर, आणि आत हसू फुटलं की एक निळा पट्टा. म्हटलं, मोजा. बाईंनी दोनदा मोजले. एकोणीस! मोठ्या डॉक्टरांनी तर मफलर उलटा करूनही बघितला.

हाडातला मगज तपासला, तुझंच खरं निघालं. वायू बंद, दुसरी भूल, वर बी-बारा आणि त्याच्या जोडीला फोलिनिक नावाच्या औषधाची इंजेक्शनं. सहाव्या दिवशी आकडे चढायला लागले. बाई माझा हात धरून बसल्या होत्या, त्यांचेच डोळे भरलेले. आता आजोबा हसत नाहीत, खेकसतात. नाकाचं विचारलं तर म्हणे, असलं काही मी बोललोच नाही. ऐकून इतकं बरं वाटलं!

मफलर पुढे करडाच विणतेय. लोभाची वीण तेवढी सुटू देऊ नकोस.

तुझी आजी

ता. क. आत्या-आतोबा काल गेले. आले होते शेवटचं बघायला. रविवारी परत येतो म्हणालेत, आजोबांना घरी न्यायला.