पार्श्वभूमी लक्षात घेता

अप्पा, यंदाचा माझ्या कामाचा गोपनीय अहवाल हातात पडला आणि तुम्ही नाही आहात याचं बारा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. तुम्ही असता तर तो मला वाचून दाखवावा लागला असता. न्यायाधीशालासुद्धा दरवर्षी कुणीतरी वर बसलेला माणूस शेरा देतो, हे तुम्हाला सांगायला नको, कोर्टातल्या शिपायाला सगळं ठाऊक असतं. शेरा इंग्रजीत आहे, म्हणून ऐकायला गोड लागतो. आपल्या भाषेत तो असा: पार्श्वभूमी लक्षात घेता काम समाधानकारक. स्वभाव चिडखोर, न्यायासनाला शोभणारा संयम कमी. असा शेरा राहिला की बढती अडते. उत्तर द्यायला महिन्याची मुदत होती, ती आज संपते.

पार्श्वभूमी म्हणजे तुम्ही, अप्पा. तुम्ही, आई, आपली गल्ली आणि गल्लीच्या टोकाचा बुद्धविहार. माझे निकाल वरच्या कोर्टात टिकले, ते काय माझी पार्श्वभूमी बघून टिकले? आणि चिडखोरपणाचं म्हणाल तर ऐका. नवऱ्याच्या मारहाणीच्या केसमध्ये एक बाई साक्षीला उभी होती. एक जुने, नामांकित वकील तिला तोच घाणेरडा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते. मी म्हटलं, "वकीलसाहेब, हा प्रश्न पुन्हा आला तर तुमची उलटतपासणी इथंच बंद करीन." झालं एवढंच. त्याच महिन्यात शेजारच्या कोर्ट हॉलमधल्या माझ्या सहकारी न्यायाधीशानं त्याच वकिलांना सांगितलं, "आवाज खाली घ्या, नाहीतर बाहेर व्हा." त्याच्या अहवालात आलं: कोर्टावर उत्तम पकड. हे मला त्यानंच सांगितलं, सप्तापूरच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरताना. माणूस वाईट नाही. हसत म्हणाला, "तुम्ही जरा गोडीनं घ्यायला हवं होतं." त्याला कुणी कधी गोडीनं घ्यायला शिकवलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मला मात्र शिकवलं होतं, आणि तुम्हीच. मी नववीत आहे, सुट्टी आहे, तुमचा डबा घेऊन कोर्टात आले आहे. तुम्ही दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करताय, एकेक नाव तीन तीन वेळा, खणखणीत आवाजात. एक वकील चुटकी वाजवून तुम्हाला बोलावतो. मी म्हणते, "त्यांना नाव आहे." तुम्ही माझं मनगट धरून मला थेट सायकल स्टँडपर्यंत नेता. लाडानं मला अव्वा म्हणायचात, त्या दिवशी म्हणाला नाहीत. "काम दाव, तोंड दावू नको. तुझ्या तोंडापायी माझी भाकरी जातीय बघ." मग तुम्ही परत जाता आणि त्या वकिलाची फाईल उचलून देता. तो राग माझा अजून गेलेला नाही, अप्पा. वकिलावरचा आणि तुमच्यावरचाही.

तरी मला सनद मिळाली तेव्हा तुम्हीच दुर्गदबैलच्या बाजारातून शुभ्र कापड आणलंत आणि शिंप्यापुढं बसून माझ्या गळ्यातले वकिलीचे बँड शिवून घेतलेत. दुकानात तयार मिळतात म्हटल्यावर म्हणालात, "तयार घेतलेलं सगळ्यांचं असतंय." ते बँड मी फाटेपर्यंत वापरले. तुमचा उपदेशही तसाच वापरला, वीस वर्षं. गोड बोलले, दुप्पट काम केलं, चहाच्या टेबलावर राखीव जागांवरचे विनोद ऐकून कपाकडं बघत राहिले. काम बोलेल असं तुम्ही म्हणायचात. काम बोलत नाही, अप्पा. कामाबद्दल दुसरंच कुणीतरी बोलतं, आणि ते कोण हे आधीच ठरलेलं असतं.

सगळ्यांनी एकच सल्ला दिला: चार ओळी खेद लिहा, विषय मिटवा. खेद कशाचा? त्या बाईला पुढचं वाक्य धड बोलता आलं याचा? मी उत्तर लिहायचं ठरवलं, आणि चोरून घरी नाही, दिवसाढवळ्या माझ्याच चेंबरमध्ये. स्टेनोला बोलावलं आणि इंग्रजीत तोंडी सांगायला लागले. ही माझी स्टेनो अळणावरकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, रोज बसनं ये-जा करते. कोर्टात कन्नड बोलते, चेंबरमध्ये दुसरं कुणी नसलं की माझ्याशी मराठी. मी सांगत होते, ती घेत होती. माझा आवाज चढला होता आणि मला तो आवडत होता. मी म्हटलं, "जे बोलणं पुरुषाच्या तोंडी कणखर ठरतं, तेच बाईच्या तोंडी चिडखोर ठरवलं जातं."

तिची पेन्सिल थांबली. वर न बघता ती म्हणाली, "मॅडम, ह्योच शब्द माझ्या रिपोर्टात हाय. दोन वर्षं झाली."

तिचा रिपोर्ट मी लिहिते. आठवलं मला. सहानंतर थांबा म्हटल्यावर ती सगळ्या स्टाफसमोर म्हणाली होती, "शेवटची बस चुकली तर मी कुठं जाऊ, तुम्हीच सांगा." मी लिहिलं होतं: उलट बोलते, चिडखोर. लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. बस कितीला सुटते, हे मी विचारलं नव्हतं.

उत्तर दुपारी गेलं. साडेतीन पानं आहेत, त्यात खेदाचा एक शब्द नाही, आणि बढती गेली तरी त्यातलं एक वाक्यही मी मागं घेणार नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं आणि त्याला माझा इलाज नाही. पण हे पत्र तुम्हाला लिहायला बसले ते त्यासाठी नाही. ती थांबली होती ना, अप्पा, तेव्हा मी तिला काय म्हणाले सांगू? "पुढं घ्या," म्हणाले. आणि तिनं मान खाली घालून पुढचं वाक्य घेतलं.