बग्गीच्या पोटाखालची प्लेट

आबा,

आज दुकानात उंबरमाळीकडच्या एका पाड्याची बग्गी उभी आहे. तुम्ही गेलात तेव्हा असली गाडी आपल्याकडे कुणी पाहिली नव्हती, म्हणून आधी ती कशी असते ते सांगते. मोठी खडबडीत चाकं, वर पाइपांचा सांगाडा, दारं नाहीत, काचा नाहीत. सीट शेजारी शेजारी, पुढे दोन आणि मागे दोन. दगडातून, चिखलातून, ओढ्यातून कुठूनही चढते, पण पोट फार नाजूक. कंपनी खाली प्लास्टिकचं पातळ झाकण देते, ते आपल्या डोंगरातल्या दगडांवर टिकत नाही. मग त्या जागी ॲल्युमिनियमची जाड प्लेट बसवावी लागते. धसईच्या रस्त्यावरच्या तुमच्याच शेडमध्ये मी आता हे काम करते. ग्रिल आणि गेटंही करते, पण लोक मला ओळखतात ते प्लेटवाली म्हणून.

सुरुवात झाली सिद्धगडाच्या पायथ्याशी. कल्याणच्या एका माणसाने तिथे पर्यटकांसाठी तंबू टाकले आणि दोन बग्ग्या आणल्या. त्यातली एक ट्रॅक्टरला बांधून माझ्याकडे ओढत आणली, खालून ऑइल गळत होतं. इंजिनाचं काम मुरबाडच्या मेकॅनिकने केलं. मालकाने बाहेरून तयार प्लेट मागवली होती. चार बोल्ट तर मारायचेत ताई, तासाभरात द्या, असं म्हणाला. मी गाडीखाली आडवी झाले आणि बघितलं तर भोकं जुळत नव्हती. ऑइल सोडायच्या नटासमोर खिडकी कापलेली नव्हती, म्हणजे प्रत्येक वेळी अख्खी प्लेट उतरवा. आणि पुढची कड सरळ, दगड आला की तिथेच अडकणार. मी म्हटलं, दोन-तीन दिवस ठेवून जा. तो चिडला. शनिवारी त्याचे पाहुणे यायचे होते. दुसरीकडे नेतो म्हणाला, आणि नवीन गिऱ्हाईक जातंय म्हणून मी जवळजवळ हो म्हणणार होते.

तेव्हा मला आपली मागची पडवी आठवली. मी नववीत असेन. तुम्ही कारखान्यातून येऊन, डबा ठेवून, चिखल सपाट करायच्या फळीला खालून पत्रा मारताय. आई आत भाकरी थापतेय, त्याचा आवाज येतोय. तुम्ही हात धुवायला जाता आणि उरलेले खिळे माझ्याकडे देता. मी ते भराभर ठोकते, पुढची कड सरळच ठेवते आणि खूश होऊन उभी राहते. तुम्ही परत येऊन फळी उलटी केलीत, क्षणभर बघितलंत आणि सगळा पत्रा उचकटून काढलात.

“खालून कोण बघतंय, असा वाटला ना तुला?” तुम्ही म्हणालात. “बैल बघतात. पत्रा चिखलात घुसला का ओढायला त्यांनाच लागतंय.”

मग तुम्ही पहारीवर पत्र्याची कड वर वळवलीत आणि हातोडी पुन्हा माझ्याच हातात दिलीत. मला इतका राग आला होता की मी जेवले नाही. पण खिळे मीच ठोकले, आणि त्या वर्षी फळी चिखलावरून कशी सरसर गेली ते बांधावर उभी राहून बघितलं.

तर मी त्या मालकाला नाही म्हटलं. नेतो नेतो म्हणत तो गाडी ठेवून गेला. मी प्लेटची पुढची कड वर वळवली, खिडकी कापली, बोल्टांची डोकी प्लेटीत आत बसवली, म्हणजे दगडाने उडायला नकोत. प्लेट आणि गाडीच्या मध्ये रबर घातलं. गाडी न्यायला आला तेव्हा तो धड बोललाही नाही.

नवी प्लेट थोडी चालल्यावर बोल्ट सैल होतात, ते पुन्हा आवळावे लागतात. श्रावणात एका सकाळी त्यासाठीच मी तंबूंवर गेले होते. पाऊस लागलेला, पाहुणे कोणी नव्हते. माझं काम उरकतंय तेवढ्यात वरच्या पाड्यावरून एक म्हातारी धापा टाकत आली. तिच्या सुनेला पहाटेपासून कळा येत होत्या, आरोग्य खात्याची आशाताई जवळ होती, पण बाळ आडवं होतं. अँब्युलन्स डांबरी रस्ता संपतो तिथवरच येणार. डोली उचलायला माणसं नव्हती, तरणी सगळी कामाला बाहेर.

आबा, तुम्ही एकदा अशाच एका अडलेल्या बाईच्या डोलीला खांदा दिला होता. घरी आलात तेव्हा खांदा सोललेला होता. उंबऱ्यात बसून आईला एवढंच सांगितलंत, वाटेतच गेली. मला ते सगळं तिथे उभ्या उभ्या आठवलं. तंबूवाल्याच्या ड्रायव्हरने बग्गी सुरू केली आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

वर पोचल्यावर आशाताईने आधी गाडीकडे बघितलं, मग त्या पोरीकडे. हादरे बसतील याची तिला भीती होती, पण थांबण्याची जास्त होती. मागच्या सीटवर गोधड्या टाकल्या, तिला आडवी केली, आशाताईने तिला मांडीवर घट्ट धरलं. ड्रायव्हर अगदी सावकाश उतरत होता. ओढ्यात पाणी चढलेलं, खालचे दगड दिसत नव्हते. मधोमध पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीचं पोट दगडावर आपटलं. खरखरून आवाज आला. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी वाकून खाली बघितलं, नुसतं गढूळ पाणी.

मागून ती पोरगीच बोलली. “थांबू नका, दादा.”

त्याने ॲक्सिलरेटर हळूच दाबला. प्लेट दगडावर टेकलेली, ते माझ्या तळपायांना कळत होतं. मग कड दगडावर चढली आणि गाडी घसरत पलीकडे गेली. रस्त्यावर अँब्युलन्स उभी होती. तिला पुढे उल्हासनगरला नेलं आणि संध्याकाळी आशाताईचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी गाडीखाली शिरून बघितलं होतं तेव्हा प्लेटवर हातभर ओरखडा होता, बाकी काही नाही.

नंतर ती म्हातारी शेतातलं पिकलेलं चिबूड घेऊन दुकानात आली. नात दूध पिते का, रडते का, सगळं सांगून झाल्यावर जाता जाता म्हणाली, “माला पन बसव गो एकदा त्या गाडीत. माझी तं लग्नात पन डोली नाय झाली, चालतच गेलू.” आम्ही दोघी खूप हसलो. तंबूवाल्याने आता पावसाळाभर एक बग्गी पाड्यावरच ठेवायची ठरवलंय. ही बातमी शहापूरकडे गेली आणि उंबरमाळीच्या लोकांनी कुणाची तरी जुनी बग्गी मागून आणली. तीच आज माझ्यासमोर आहे. तिच्या मापाची तयार प्लेट मिळत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर माप काढून मीच कापतेय. उद्या बसवीन.

हे पत्र कुठे टाकणार, तुम्हाला पत्ता नाही. तरी एक सांगून टाकते. हे काम कुणाकडून शिकलीस असं लोक विचारतात, तेव्हा मी तुमचं नाव सांगते. खरं म्हणजे अर्ध्याहून जास्त मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले.